खाऱ्या पाण्याचा फेस

माझे व्याही दाढी करायला तासभर लावतात, हे मुलाच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा मी तोंडावरच बोललो, "पाव्हणं, तुमाला दुसरं काम न्हाई का?"

ते म्हणाले, "नाही. म्हणून तर करतो."

पण मी त्यांच्या बेसिनपर्यंत कसा जाऊन पोचलो ते आधी सांगायला पाहिजे.

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्य उसात आणि गुरांमागं गेलं. दाढी हे माझं काम कधी नव्हतंच, ते न्हावीदादाचं काम. आमच्या पुणतांब्यात तो पूर्वी घरी यायचा. ओट्यावर पोतं टाकून बसायचा, मी पुढ्यात मांडी घालून तोंड वर करायचं, झालं. बायको तिथंच सुपात काहीतरी पाखडत बसायची आणि दोघं भांडायची. केस माझे, वस्तरा त्याचा, आणि मिशी किती ठेवायची ते ठरवणार ही. पुढं त्यानं दुकान टाकलं, खुर्ची आली, तरी काम त्याचंच राहिलं. वयानं आम्ही बरोबरीचे. माझ्या गालाला मी पातं कधी लावलं नव्हतं.

बायको गेल्या माघात गेली. पोटाचं दुखणं निघालं, दवाखान्यात नेलं, आणि घरी आणली ती बोलायची बंद झालेलीच आणली. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर मी आणि मुलगा शेजारी शेजारी बसलो. न्हावीदादानं आधी मुलाचं डोकं केलं, मग माझं. डोकं झालं, मिशी झाली, दाढी झाली. पाणी गार होतं. मान खाली घातलेली, पायरीवर माझे पांढरे केस पडत होते आणि मागं माणसं कावळ्याची वाट बघत उभी होती. वस्तरा मानेवरून खाली आला तेव्हा मला कळलं की ती गेली. तोपर्यंत सगळे सांगत होते म्हणून मी हो म्हणत होतो.

महिन्यानं त्याच्या दुकानात गेलो. त्यानं नेहमीसारखं मानेला पाणी लावलं, वस्तरा टेकवला, आणि मी खुर्चीतून उठलो. गळ्यातलं फडकं तसंच घेऊन घरी आलो. पुन्हा गेलो नाही. दाढी वाढली. गावात लोक विचारायचे, "आबा, वरीसभर राखायची का?" मी व्हय म्हणायचो. आमच्याकडं वर्षश्राद्धापर्यंत दाढी राखणारे असतात, त्यामुळं कुणी पुढं विचारत नाही. लोकांना कारण लागतं, ते मी दिलं.

दाढीचं तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी. मी आंघोळीचा कंटाळा करायला लागलो. चहात बिस्किटं बुडवून दोन्ही वेळचं भागवायला लागलो. चैत्रात मुलगा आला, दारातच उभा राहिला, आणि त्यानं मला शहरात, सावेडीला नेलं. तो तिथं फ्लॅटमध्ये राहतो. सूनबाई चांगली आहे, गरम गरम वाढते, मामा मामा करते. पण मी काय करायचं तिथं? खिडकीतनं खाली बघायचं, स्कुटर मोजायच्या. मुलगा एक दिवस म्हणाला, "आबा, आता इथंच राहायचं. रान वाट्यानं देऊ, घराला कुलूप लावू."

मी म्हणालो, "कुलूप तुझ्या फ्लॅटला लाव."

"तिकडं कोण आहे आता?"

"ती हाय." मी बोललो. मी काही भुताखेताचं बोलत नव्हतो. त्या घरात पोळपाट कुठं टेकवायचा, कुठल्या खिळ्याला कंदील, कुठल्या खिळ्याला चाळण, सगळं तिनं ठरवलेलं आहे. ते घर बंद केलं तर ती दुसऱ्यांदा जाणार, एवढंच मला कळत होतं.

मुलानं मला हाताला धरून आरशापुढं उभं केलं. "बघा. हा माणूस एकटा राहू शकतो का? तुम्हीच सांगा." आरशात एक म्हातारा होता, तोंडभर पांढरी झुडपं, गळ्यापाशी चहाचा डाग. मी त्याला घरात घेतलं नसतं.

शेवटी तोडगा निघाला तो असा. पेरण्यांच्या तोंडावर मी गावी जायचं. दिवाळीला मुलगा येणार. तेव्हा मी असाच दिसलो तर सामान भरायचं, कुलूप लावायचं, आणि मी एक शब्द बोलायचा नाही. मी कबूल म्हणालो. त्यानं मला दाढीचं बॅटरीवालं मशिन आणून दिलं. ते गालावर भुंग्यासारखं भणभणायचं आणि दाढी निघाली तरी कापणीनंतर रानात धसकटं राहतात तसं काहीतरी मागं राहायचं. दोनदा लावलं आणि ठेवून दिलं.

गावी जायच्या आधी व्याह्यांनी मुक्कामाला बोलावलं. ते त्याच शहरात, केडगावला राहतात. सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेले, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. सकाळी उठलो तर ते बनियनवर बेसिनपुढं उभे आणि फळीवर सगळं दुकान मांडलेलं. ब्रश गरम पाण्यात भिजत घातलेला, आपण हरभरा घालतो तसा.

"या पाव्हणे, बघा."

"दाढीत काय बघायचं?"

"दाढी नका बघू. फेस बघा."

लाकडी वाटीत साबणाची वडी होती. तिच्यावर ते ब्रश गोल गोल फिरवायला लागले. घाई नाही काही नाही. आधी बुडबुडे आले, मग ते बारीक झाले, मग दुधावरच्या सायीसारखं घट्ट काहीतरी वर आलं. चंदनाचा वास सुटला. विहीणबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, पाहुण्यांना चहा तरी घेऊ द्या. का आज साबणच पाजणार आहात?"

तेवढ्यात मी ते दुसऱ्या कामाचं विचारलं, आणि त्यांनी ते उत्तर दिलं.

मला वाटलं ते माझी दाढी करून देतील. तर म्हणाले, "मी नाही करणार. तुम्ही करायची." आधी वाढलेलं कातरायला विहीणबाईंची शिवणाची कात्री घेतली. त्यावरून आतून आणखी एक फैर झाली. मग गालाला गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस. ब्रश गालावर फिरला तेव्हा मी डोळे मिटले. इतके दिवस माझ्या तोंडाला कुणी मायेनं काही लावलं नव्हतं. मीही नाही.

रेझर लोखंडासारखा जड. मूठ पिळली की वरची दोन झाकणं उघडतात, मधे ब्लेड बसतं.

"दाबायचं नाही," व्याही म्हणाले. "वजन त्याचं आहे तेवढंच पुरे. नांगर काय दाबून धरायचात का?"

"मग काय वर उचलून धरायचो?"

"बरं, नांगर विसरा. गाल फुगवा."

मी गाल फुगवला. खालच्या दाढा पडलेल्या, हवा बाजूनं फुस्स झाली आणि फेस आरशावर उडाला. माणूस हसून हसून बेसिनला टेकला. मग त्यांनी जिभेनं आतून गाल उचलायला शिकवलं. ते जमलं. पातं केसांवरून जाताना बारीक खरखर ऐकू यायला लागली. खालून माझा चेहरा निघाला. हात लावला. गाल मऊ आणि गार. माझा गाल असा आहे हे मला कधी ठाऊकच नव्हतं, न्हावीदादाला ठाऊक होतं.

मुख्य गोष्ट ही की पातं मानेवरून गेलं आणि मी घाटावर गेलो नाही. बेसिनपुढंच राहिलो. हात माझा होता, म्हणून असेल.

निघताना त्यांनी एक ब्रश, एक रेझर, साबण आणि तुरटीचा खडा पिशवीत घालून दिला. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "लेकीचे सासरे म्हणून देत नाही. मला जोडीदार पाहिजे. घरात माझ्याशी साबणाबद्दल कुणी बोलत नाही."

आतून आवाज आला, "बोलणारही नाही!"

पुणतांब्याला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बंबाचं गरम पाणी घेतलं, ब्रश भिजवला, वाटीत फिरवायला लागलो. फेस येईना. फिरवतोय, फिरवतोय, आणि वाटीत पांढुरकं पाणी, कडेला दह्यासारख्या गुठळ्या. म्हटलं साबण कमी पडला. आणखी घासला. गुठळ्या वाढल्या. तसंच तोंडाला फासलं, ते गालावर सुकलं, रेझर लावला तर चामडं ओढलं गेलं. हनुवटीला दोन ठिकाणी चिरलं. अर्धी दाढी ठेवून उठलो.

व्याह्यांना फोन लावला. "पाव्हणं, तुमचा साबण खराब हाय."

"साबण खराब नसतो, मनगट खराब असतं. हलकं फिरवा."

हलकं फिरवलं. जोरात फिरवलं. उलटं फिरवलं. ब्रश रात्रभर भिजवला तर त्याचे केस गळायला लागले. रोज सकाळी फोन, रोज माझ्या मनगटाचा उद्धार. एकदा म्हणाले, "ब्रशवर साबण, साबणावर ब्रश नाही, कळलं का?" मी म्हणालो, "पाव्हणं, मला कळत न्हाई म्हणून तर मी तुमाला विचारतो, न्हाई तर तुमचं तोंड कोन बघतंय सकाळी सकाळी." तरी त्यांचा फोन चुकला नाही. माझाही चुकला नाही.

आरशाची अडचण वेगळीच होती. घरातला आरसा बायकोचा. कडेला तिच्या टिकल्या चिकटवलेल्या. आंघोळीला जाताना कपाळावरची काढायची, आरशाला लावायची, तशा राहून गेलेल्या. मी पुढं उभा राहिलो की एक टिकली बरोबर माझ्या कपाळावर यायची. पहिल्या दिवशी मी आरसा उलटा करून ठेवला. पण उलट्या आरशात दाढी होत नाही. परत सुलटा केला. मग मी बाजूला सरकून उभा राहायला लागलो. एकदा वाफेनं एक टिकली सुटली आणि वाटीत पडली. मी ती बोटानं काढली, पुसली, जागेवर लावली. आणि माझ्या तोंडून निघालं, "एवढी घाई काय हाय तुला, होऊ दे माझं." किती दिवसांनी मी तिच्याशी बोललो. बरं वाटलं.

पण फेस काही येईना. श्रावण आला तरी माझ्या तोंडावर बारक्या चिरा आणि मधे मधे पांढरे खुंट, अशी दशा. गावातल्या कुणीतरी मुलाला फोनवर सांगितलं की आबाच्या तोंडाला काहीतरी झालंय. मुलाचा फोन आला, आवाज बारीक. "आबा, दिवाळीची वाट बघायची का?" मी म्हणालो, "बघायची. ठरलंय तसं." फोन ठेवला आणि सगळी पिशवी नदीत टाकायला निघालो होतो, खरं सांगतो. वेशीपर्यंत गेलो होतो. ब्रश घेतलेला माणूस नदीवर का चाललाय म्हणून एकानं विचारलं, तसा तिथूनच परत फिरलो.

मग आमच्या भागातला विजेचा डीपी जळाला. खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको, डीपी जळाला की वायरमनची वाट बघत बसायचं. मोटर बंद, बोरचं पाणी नाही, वरची टाकी खडखडली. घरात पाणी होतं ते फक्त प्यायचं, फिल्टरचा जार. आंघोळ राहिली. पण दाढीच्या पाण्याला कितीसं लागतं, म्हणून त्या जारमधलं तांब्याभर पाणी स्टोव्हवर गरम केलं. ब्रश बुडवला आणि सवयीनं फिरवायला लागलो, मन लाइटीकडं.

वाटीतून फेस बाहेर आला. बोटांवरून खाली सांडला. मी ब्रश वर काढला तर त्याच्या टोकाला शेंडा उभा राहिला, गाडग्यातल्या लोण्याला येतो तसा. मी तिथंच पाटावर बसलो.

फोन लावला. "पाव्हणं! आला! वाटी पुरंना!"

"काय केलंत?"

"काय न्हाई. लाइट गेली."

त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आतापर्यंत कुठलं पाणी घेत होतात?"

"बोरचं."

"खारं आहे का?"

"खारं म्हंजे? त्यात डाळ शिजत न्हाई."

पलीकडं नळ सोडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पाव्हणे, आमच्याकडं नळाला धरणाचं पाणी. माझ्या डोक्यात आलंच नाही. मी इतके दिवस तुमच्या मनगटाला शिव्या घातल्या."

"मनगटाला न्हाई, मला घातल्या."

फोन ठेवल्यावर मला आठवलं आणि मी कपाळाला हात लावला. बायको डोकं धुवायची ते कधी बोरच्या पाण्यानं नाही. बोरच्या पाण्यानं जटा होतात म्हणायची. कॅनॉलला पाणी सुटलं की मला हंडे घेऊन पिटाळायची. इतकी वर्षं मी तिच्या केसांसाठी गोडं पाणी वाहिलं, आणि दाढीला पण केसच असतात हे मला सुचलं नाही.

तिथून माझा नाद सुरू झाला. नाद हाच शब्द, दुसरा नाही. मी पाणी पारखायला लागलो. फिल्टरच्या पाण्याचा फेस लवकर येतो पण लवकर विरतो. कॅनॉलचं पाणी फडक्यानं गाळून घेतलं तर फेस जरा जाड, टिकतो. सगळ्यात उत्तम पत्र्यावरून पडलेलं पावसाचं. पन्हाळीखाली टिपड, म्हणजे पत्र्याचं पिंप, ठेवलं आणि त्यातलं निवळ पाणी दाढीसाठी राखलं. शेजारीण भांडी घासायला मागायला आली तर मी दिलं नाही. ती म्हणाली, "आबा, म्हातारपणी नवरदेव व्हायचंय का काय?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय, अक्षता तुलाच टाकायला लावीन." ती हसत गेली. दारात उभं राहून कुणाला हसवायचं माझं राहूनच गेलं होतं.

दाढीसाठी सकाळी लवकर उठायला लागलो. पाणी गरम होईतो अंगण झाडून व्हायचं. दाढी करून तसंच कोण बसतं, म्हणून आंघोळ. आंघोळ झाली की भूक. बिस्किटावर ती भागेना, म्हणून पिठलं करायला शिकलो. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, पण गुठळ्यांची मला आता सवय होती. भाकरी अजून जमत नाही, ती शेजारीण देते. पावसाचं पाणी शेवटी तिला द्यावंच लागलं.

माझ्या दाढीची लव कुठल्या बाजूला वळते हे बोटानं चाचपून मी शिकलो. गालावर सरळ खाली. हनुवटीखाली डावीकडं आडवी. गळ्यावर एका ठिकाणी भोवरा, वाऱ्यानं बाजरी लोळते तसा. पहिला हात लवेच्या बाजूनं, दुसरा आडवा. मधे परत फेस. शेवटी गार पाणी, आणि ओल्या गालावर तुरटी. तुरटी झोंबते. कुठं चुकलं ते तीच सांगते, तोंडावर सांगते, म्हणून मला ती आवडते.

न्हावीदादाला कळलं. गावात काय लपतं? एकदा पारावर गाठ पडली, तर म्हणाला, "काय रं, माझ्या पोटावर पाय का?"

मी त्याला खरं सांगितलं. "तुझा वस्तरा मानंला लागला की घाट दिसतो मला. तुझा दोष न्हाई."

तो तंबाखू मळत होता, मळायचा थांबला. मग म्हणाला, "हात माझाच हुता. पर त्या दिशी ओट्यावरनं वरडायला कोन नव्हतं, मिशी किती ठिवायची म्हणून. मला बी कळंना किती काढू." आणि अंगठा माझ्या गालावरून फिरवला, दुकानात फिरवतो तसा. "बरी केलीस. पर गळ्याला उलटं पातं वढू नगंस. तुझा भोवरा लई वाईट हाय. मी चाळीस वर्सं सांभाळलाय."

मी ऐकलं नाही.

दिवाळी आली. मुलगा आणि सूनबाई नरकचतुर्दशीला सकाळी येणार. मी अभ्यंगस्नानाच्या आधी उठून बसलो, नवीन ब्लेड घातलं. दोन हात झाले. गाल आरशासारखा झाला होता. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, मुलाला दाखवायचंच आहे तर असं दाखवू की हात घसरला पाहिजे. तिसरा हात खालून वर घेतला. गळ्यावरच्या भोवऱ्यात पातं अडकलं.

रक्त थांबेना. तुरटी लावली, पेपरचे तुकडे चिकटवले, तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. मुलगा आत आला तेव्हा मी गळ्याला लाल झालेले कागद लावून, हातात रेझर घेऊन आरशापुढं उभा.

तो दारातच थांबला, चैत्रात थांबला होता तसा. मग माझ्या हातातून रेझर काढून घेतला. "आबा, हे बघायला आलोय का मी?"

"दाढी केली."

"ही दाढी? फोन वाजला ना, की नाव बघायच्या आधी मी गाडीची किल्ली हातात घेतो. आईच्या वेळी तसाच फोन आला होता. तुम्ही इथं असं रक्त काढून पडलात तर मला कोण सांगणार? वायरमन?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण तो रडत होता. मुंडण झाल्यावरसुद्धा तो रडला नव्हता. मी त्याला बस म्हणालो. तो बसला नाही. म्हणाला, "ठरल्याप्रमाणं सामान भरू."

सूनबाई तोवर आत गेली होती. ती बाहेर आली तर तिच्या हातात माझं पिठल्याचं पातेलं. "हे कुणी केलं?"

"मी."

तिनं बोट घालून चाखलं. "मीठ जास्त आहे." मग घरभर फिरून आली. आंथरूण घडी घातलेलं, अंगण झाडलेलं, टिपडावर फडकं बांधलेलं. ते काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, दाढीचं पाणी. ती वडलांची लेक आहे, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "मामांनी जरासा गळा कापला, एवढंच ना? माझे वडील पहिल्या महिन्यात कान कापून बसले होते."

"तू मधे बोलू नको. त्यांचं काही झालं तर?"

"तेच म्हणते. काही झालं तर कळलं पाहिजे ना? मग ऐका." ती माझ्याकडं वळली. "मामा, रोज सकाळी दाढी झाली की मला व्हिडिओ कॉल करायचा. चेहरा दाखवायचा, नीट, उजेडात. एक दिवस चेहरा दिसला नाही, की गाडी काढून आम्ही इथं. आणि मग कुलूप."

मी मुलाकडं बघितलं. त्याचं मन वळत नव्हतं, पण त्यानं नाही पण म्हटलं नाही.

"रोज जमनार न्हाई," मी म्हणालो.

"बघ!" मुलगा म्हणाला.

"सोमवार, शनवार, अमुशा आन् एकादस सोडून. त्या दिशी पातं लावत न्हाईत."

"आबा, आता कोण पाळतं हे?"

"तुझी आई पाळायची. सोमवारी न्हावीदादा आला तर ओट्यावरनंच माघारी लावायची. म्हणायची, महादेवाच्या वारी माझ्या नवऱ्याला भादरायचा न्हाई."

मुलगा डोळे पुसता पुसता हसला. तिचं ते ओरडणं त्यानंही ऐकलं होतं. सूनबाई म्हणाली, "बरं. मग त्या दिवशी खुंट दाखवायचे. पण कॉल चुकवायचा नाही."

"कबूल."

मुलानं रेझर माझ्या हातात परत दिला. पातं आत आहे का ते दोनदा बघून दिला. म्हणाला, "संक्रांतीपर्यंत बघू." मी म्हणालो, "बघ की. मी हितंच हाय." मग त्यांनी गाडीतून फराळाचे डबे काढले. रिकाम्या पिशव्या आणल्या होत्या सामान भरायला, त्या डिकीतच राहिल्या.

परवाच्या मंगळवारची गोष्ट. थंडी मरणाची. पाणी दोनदा तापवावं लागलं. दाढी झाली, तुरटी झाली, एकदाही झोंबली नाही. फोन लावला. रेंज ओसरीत येते, खिडकीपाशी. सूनबाईचा चेहरा दिसला, मागं कुकर शिट्ट्या देत होता.

"मामा, डाव्या कानाखाली राहिलंय."

"न्हाई ऱ्हायलं."

"राहिलंय. फोन जवळ धरा. अजून जवळ. ते बघा, चार केस."

बोट लावलं. खरंच राहिले होते.

"थांब," मी म्हणालो. फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला आणि ब्रश परत पाण्यात बुडवला.